तासाला अठरा

दरबानच्या धक्क्यावर, जमिनीपासून बेचाळीस मीटर वर,
नोक्वाझी शेझीच्या पायांखाली काच आहे.
काचेखाली जहाज, जहाजात खोके, खोक्यांत काय
ते तिला कुणी सांगत नाही. ती उचलते.

तासाला अठरा.
हा आकडा सगळ्यांना पाठ आहे,
कॅन्टीनवालीला, फाटकावरच्या पहारेकऱ्याला,
वर्तमानपत्रांना तर फारच.
बंदरांची यादी निघते दरवर्षी,
तिच्यात आपण कुठे, ते शोधायचं तर
खालून वाचायला घ्यावं, वेळ वाचतो.
एवढाच काय तो इथे वाचलेला वेळ.

मार्चमध्ये पाहुणे आले, हॉलंडचे फेल्डकाम्प.
उंच, सभ्य, गळ्यात स्टॉपवॉच.
भिंतीवर त्यांनी रंगीत खांब उभे केले:
हे आमचं बंदर, हे आमच्या शेजाऱ्यांचं,
आणि हे, म्हणाले, तुमचं.
आमचा खांब इतका बुटका
की मागून कुणीतरी म्हणालं, बसायला बरा आहे.

मग ते क्रेनवर चढले. शिडीवर तीनदा थांबले.
(ती वेळ कुठेच धरली नाही.)
नोक्वाझीच्या पाठीशी बसून नोंदी केल्या:
खाली गाडी आली नाही, चार मिनिटं.
वारा, सहा.
खोक्याच्या कोपऱ्यातली गंजकी खुंटी निघेना, तीन.
आणि एक नोंद, पुढे प्रश्नचिन्ह:
चालक थांबली. सव्वा मिनिट. कारण दिसत नाही.

त्यांना दिसणार नव्हतंच.
दोन रांगांमधल्या फटीत भेकानीचं पिवळं हेल्मेट
शिरलं होतं, आणि बाहेर आलं नव्हतं.
ते येईपर्यंत तीस टन तिने हवेत धरून ठेवले,
उकळतं पातेलं हातात घेऊन
दारातच थांबावं कुणी
रांगतं मूल वाटेतून सरकेपर्यंत,
तसे.

तिचा भाऊ लुंगेलो ट्रक चालवतो.
लिम्पोपोची संत्री. आधी आमच्याकडे आणायचा,
दोन दोन रात्री रांगेत, स्टीअरिंगवर डोकं टेकून.
आता मापुतोला जातो.
रविवारी बहिणीकडे जेवायला येतो
तिथली कोळंबी घेऊन.
तिकडे रांगच नसते गं, म्हणतो.
ती काही बोलत नाही, सोलत राहते.
मीही असतो कधी कधी त्या टेबलापाशी.
स्पर्धा म्हणजे काय, ते मला खांबांवरून नाही कळलं.
कोळंबी फार चांगली असते.

अहवाल आला, एकशे चाळीस पानांचा.
भागीदार आणा, क्रेन आणा, आणि माणसं –
हे वाक्य जरा खालच्या आवाजात लिहिलेलं.
युनियनची सभा झाली, खुर्च्या कमी पडल्या.
पण सत्त्याण्णवाव्या पानावर, तळटीपेत,
एक गोष्ट होती जी आम्ही नऊ वर्षं ओरडत होतो:
सुट्या भागांच्या खोलीची किल्ली
रोज चार वाजता मूडलीसाहेबांच्या खिशातून
घरी जाते.
रात्री गाडी बिघडली की सकाळपर्यंत बिघडलेलीच.

दुसरी किल्ली करून घेतली. पासष्ट रँड.

जूनअखेर तासाला वीस.
एका रात्री, वारा पडलेला असताना, बावीस.
टाळ्या वगैरे नाहीत.
बाहेर नांगरून ताटकळणाऱ्या जहाजांचे दिवे
आम्ही सवयीने मोजले, एकवीस असायचे,
सतरा भरले. पुन्हा मोजले.

त्या सव्वा मिनिटाचं काय झालं, मी विचारलं.
ते आहे तिथेच आहे, नोक्वाझी म्हणाली.
भेकानी जाड झालाय,
आता दीड लागतं.

गुरुवारी लुंगेलोचा फोन:
रांग कुठवर आहे रे?
मी खिडकीतून वाकून पाहिलं.
पेट्रोल पंपापर्यंत.
पंपाच्या अलीकडे की पलीकडे?
अलीकडे.
बघतो, म्हणाला.

रविवारी तो आला तेव्हा हातात कोळंबी नव्हती.
पिशवीभर संत्री होती,
थोडी चेपलेली.